खाणीत कामाला जाताय? हवा, पाणी, छत आणि रस्त्याची सुरक्षा यंत्रणा आधी समजून घ्या

चंद्रपूर, राजुरा, भद्रावती, वणी या तालुक्यांतील खाणपट्ट्यात सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. कुणी वावर गेलं म्हणून वेकोलित नोकरीला लागला आहे, कुणी कंत्राटदाराच्या डम्परवर आहे, कुणी पोकलेनवर हेल्पर, कुणी पंपावर, कुणी नाक्यावर चौकीदार. घरच्यांना एवढंच माहीत असतं की पोरगा खाणीत आहे. आत काय चालतं, त्याचा जीव कशाच्या भरवशावर असतो, हे घरी कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

खाण म्हणजे नुसता कोळसा काढायची जागा नाही. माणूस आत जिवंत राहावा म्हणून तिथे बऱ्याच यंत्रणा रात्रंदिवस चालवाव्या लागतात. हवा आत न्यावी लागते, पाणी बाहेर काढावे लागते, छताला आधार द्यावा लागतो, रस्ते आणि मातीचे ढिगारे सांभाळावे लागतात, वीज आणि बारूद ताब्यात ठेवावी लागते. यातले एक जरी ढिले पडले तरी माणसे जातात. या यंत्रणा कशा चालतात, कुणाच्या जबाबदारीवर चालतात आणि कामगाराने व गावकऱ्याने कशावर नजर ठेवायची, याची ही माहिती. मोबाईलमध्ये जपून ठेवा.

जबाबदारी कुणाची?

विदर्भातील बहुतेक कोळसा खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलिच्या आहेत. ही कोल इंडियाची उपकंपनी असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. पण सुरक्षेवर देखरेख करणारे सरकारी खाते कंपनीचे नाही. ते आहे खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस. हे खाते कोळसा मंत्रालयाच्या नव्हे, तर केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या हाताखाली येते. त्याची सुरुवात १९०२ साली झाली. मुख्यालय झारखंडमधील धनबादला आणि आपल्या भागासाठी कार्यालय नागपूरला आहे. धोका दिसला तर खाणीचे काम थांबवायचा आदेश देण्याचा अधिकार या खात्याच्या निरीक्षकाला आहे.

कायदा १९५२ चा खाण कायदा. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत तो सामावून घेतला आहे. कोळसा खाणींचे बारीकसारीक नियम २०१७ च्या कोळसा खाण विनियमांत आहेत.

खाणीच्या आत उतरंड अशी असते. सगळ्यात वर मालक आणि एजंट, मग मॅनेजर. मॅनेजरकडे डीजीएमएसच्या परीक्षेचे प्रमाणपत्र असावेच लागते. त्याच्या मदतीला सेफ्टी ऑफिसर, भूमिगत खाणीत हवा पाहणारा व्हेंटिलेशन ऑफिसर, नकाशे ठेवणारा सर्व्हेअर. त्याखाली ओव्हरमन आणि मायनिंग सरदार. कामगाराच्या रोजच्या जिवाचा संबंध सगळ्यात जास्त येतो तो सरदाराशी. आपल्या वाट्याची जागा पाळी सुरू होण्याआधी तपासायची, पाळीत पुन्हा फिरून पाहायची, धोका दिसला की माणसे हटवायची आणि हे सगळे वहीत लिहून सही करायची, ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

हवा

जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला काढायला गेलेला दुसराही गेला, अशी बातमी दर उन्हाळ्यात कुठून तरी येतेच. भूमिगत खाणीत हाच धोका मैलोगणती पसरलेला असतो.

त्यासाठी जमिनीवर मोठा पंखा बसवलेला असतो. एका वाटेने ताजी हवा आत जाते, कामाच्या जागेवरून फिरते आणि दुसऱ्या वाटेने खराब हवा बाहेर ओढली जाते. हवेने मधूनच शॉर्टकट मारू नये म्हणून आत भिंती आणि दारे असतात. दारे जोडीने असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. येता-जाता त्रास नको म्हणून कुणी दाराला दगड लावून ठेवला, की तिकडे पाचशे मीटरवर काम करणाऱ्याची हवा तुटते. त्याला ते कळतही नाही.

नियमाने कामाच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नको. मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला निदान ६ घनमीटर हवा पोहोचली पाहिजे.

तीन वायू लक्षात ठेवा.

मिथेन कोळशातूनच निघतो. हवेपेक्षा हलका, म्हणून छताला साचतो. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून त्याच्या फार आधी, १.२५ टक्क्यालाच, वीज तोडून माणसे मागे घ्यावी लागतात.

कार्बन डायऑक्साइड जड, तो खालच्या बाजूला आणि बंद पडलेल्या जागेत साचतो.

कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात घातक. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा आतल्या आत धुमसू लागला किंवा स्फोट झाला की तयार होतो. स्फोटात आगीने मरतात त्यापेक्षा जास्त माणसे पुष्कळदा या वायूने मरतात.

म्हणूनच कमरेला सेल्फ रेस्क्यूअर नावाचा डबा देतात. तो नुसता ओझे म्हणून टांगायचा नसतो. डबा कसा उघडायचा, तोंडात कसा धरायचा, नाकाला चिमटा कसा लावायचा, हे अंधारात डोळे मिटून जमले पाहिजे. वापरताना आत येणारी हवा गरम लागते. गरम लागली म्हणजे डबा बिघडला असे समजून तो फेकू नका. गरम लागणे ही तो काम करत असल्याची खूण आहे.

पंखा बंद पडला तर काय करायचे, याचा लेखी आदेश प्रत्येक भूमिगत खाणीत असतो. सरदाराने निघा म्हटले की निघायचे. हातातले काम पुरे करायला थांबायचे नाही. तारेचे किंवा लाकडाचे कुंपण घालून बंद केलेल्या गल्लीत लघवीलासुद्धा जायचे नाही. तिथे हवा फिरत नाही.

छत

भूमिगत खाणीत कोळशाचे खांब सोडत गल्ल्या काढतात. गल्लीचे छत सांभाळायला त्यात भोक पाडून लोखंडी बोल्ट सिमेंट किंवा रेझिनने पक्के करतात. कुठे लाकडी किंवा लोखंडी टेकू लावतात. कुठे किती अंतरावर किती बोल्ट, याचा आराखडा ठरलेला असतो आणि तो कामाच्या जागी लावलेला असला पाहिजे.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे नुकताच कोळसा निघालेली, अजून आधार न लागलेली. बारूद उडाल्यावर आधी सरदाराने छत ठोकून पाहायचे असते. खणखणीत आवाज आला तर छत धरून आहे. भद्द, पोकळ आवाज आला तर थर सुटला आहे. सुटलेले आधी पहारीने पाडायचे, मग आधार लावायचा, मग भरणीचे काम. हा क्रम उलटा झाला की अपघात. आधार लावणाऱ्या माणसाच्या डोक्यावरसुद्धा तात्पुरता आधार असलाच पाहिजे.

खांब काढायचे काम चालू असलेल्या भागात मागची जागा, म्हणजे गोफ, मुद्दाम पडू देतात. तिथे टेकू कडकडू लागले, छतातून बारीक माती झरू लागली, खांबाचे कपचे उडू लागले, तर ते छताचे बोलणे समजा आणि मागे या.

पाणी

आपल्या भागात या विषयाकडे जास्त लक्ष द्यायला हवे. वर्धा, पैनगंगा, इरई या नद्यांच्या खोऱ्यातच कोळसा आहे आणि खाणीही नदीच्या अंगाने आहेत.

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीच्या पट्ट्यातील सिल्लेवाडा खाणीत १८ नोव्हेंबर १९७५ ला पाणी शिरले आणि १० कामगार गेले. त्यानंतर सव्वा महिन्याने, २७ डिसेंबर १९७५ ला, धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी फुटून आत घुसले. तिथे ३७५ माणसे मेली. देशातल्या खाणींच्या इतिहासातील हा सगळ्यात मोठा अपघातांपैकी एक. दोन्ही ठिकाणी पाऊस नव्हता, पूर नव्हता. हिवाळ्याचे दिवस होते. म्हणजे खाणीतले पाणी फक्त पावसाळ्यातच येते, हा समज चुकीचा आहे.

खाणीत पाणी तीन वाटांनी येते. नदी-नाल्याच्या पुराने वरून, जमिनीतल्या झऱ्यांनी चहूबाजूंनी, आणि शेजारच्या बंद पडलेल्या खाणीत साठलेले पाणी मधली भिंत फोडून. तिसरी वाट सगळ्यात वाईट, कारण ती दिसत नाही. ती फक्त नकाशावर असते. म्हणून जुन्या पाणी भरलेल्या खाणीच्या ६० मीटरच्या आत काम करायला डीजीएमएसची परवानगी लागते आणि पुढे बारीक भोके पाडून पाणी आहे का ते बघतच सरकावे लागते. कोळशाच्या भिंतीला अचानक घाम फुटल्यासारखे झाले, पाझर वाढला, पाण्याला कुजकट वास आला, तर त्याच मिनिटाला सरदाराला सांगायचे.

पश्चिम बंगालमध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत १३ नोव्हेंबर १९८९ ला असेच शेजारचे पाणी फुटले. ७१ कामगार आत अडकले. त्यातले ६ गेले. उरलेले ६५ जण उंचावरच्या जागेत जमले होते. वरून नवे भोक पाडून त्यातून माणूस मावेल एवढा लोखंडी पिंजरा सोडला आणि एकेकाला वर काढले. खाण अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली उतरले होते. पाणी आले तर कोणत्या वाटेने, कोणत्या उंच जागेकडे पळायचे, हे आधीच माहीत असणे किती मोलाचे, ते यातून कळते. आपल्या खाणीत ती वाट कोणती, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि एकदा चालून पाहा.

खुल्या खाणीत पाण्याची व्यवस्था अशी असते. खाणीच्या काठाने चर खोदून पावसाचे पाणी बाहेरच वळवतात, जसे आपण वावराच्या वरच्या धुऱ्याने पाणी काढून देतो. नदीच्या बाजूला मातीचा बंधारा घालतात. आत पडलेले पाणी सगळ्यात खोल जागी, म्हणजे संपमध्ये, जमा करून पंपाने उपसतात. खाणीत उतरायची वाट आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराच्या पातळीपेक्षा निदान दीड मीटर उंच असावी असा नियम आहे.

ही सगळी कामे मृगाच्या आधी झाली पाहिजेत. चर साफ आहेत का, बंधाऱ्याला उंदीर-खेकड्यांची बिळे पडलीत का, जादा पंप आणि जनरेटर तयार आहेत का, रात्री नदीची पातळी बघायला माणूस बसतो का? वर्धा नदीवर वरच्या बाजूला ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा ही धरणे आहेत, पैनगंगेवर इसापूर आहे. दरवाजे उघडले की पाणी खाली यायला वेळ लागतो, पण येतेच. तो निरोप खाणीच्या कंट्रोल रूमला वेळेत मिळतो का आणि तिथून आतल्या माणसाला मिळतो का, यावर पावसाळ्यातली सुरक्षा ठरते.

खुली खाण : रस्ता, पायऱ्या आणि ढिगारे

आपल्याकडची बरीचशी पोरं खुल्या खाणीत कंत्राटावर आहेत. इथे डोक्यावर आभाळ असते म्हणून धोका कमी, असे वाटते. तसे नाही. झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातील राजमहल खुल्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी मातीचा भला मोठा भाग माणसे आणि यंत्रांसकट खाली सरकला. २३ कामगार गाडले गेले. ते कंत्राटी काम करत होते.

खाण पायऱ्या-पायऱ्यांनी खोदतात. त्याला बेंच म्हणतात. पायरीची उंची यंत्राच्या हाताला पोहोचेल एवढीच असावी आणि रुंदी डम्परला वळता येईल एवढी. लवकर माल काढायच्या घाईत पायऱ्या कापून उभी भिंत केली की ती कधीतरी येणारच. टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्याचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त खडा नसावा आणि एका टप्प्याची उंची ३० मीटरपेक्षा जास्त नसावी. ढिगाऱ्याच्या किंवा बेंचच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग दिसली, पायथ्याची माती फुगली, पाणी झिरपू लागले, तर तो भाग सरकणार असे समजा. काळ्या मातीवर टाकलेला ढिगारा पावसाळ्यात खालून घसरतो, हे शेतकऱ्याच्या पोराला वेगळे सांगायला नको.

रस्त्याचे नियम रोजच्या उपयोगाचे आहेत.

- दोन्ही बाजूंनी डम्पर जाणारा रस्ता सगळ्यात रुंद डम्परच्या तिप्पट आणि वर ५ मीटर एवढा रुंद असावा.
- खोल बाजूला मातीचा कठडा हवा आणि तो मोठ्या डम्परच्या चाकाएवढा उंच हवा. गुडघ्याएवढा कठडा ६० टनांचा डम्पर अडवत नाही.
- डम्परच्या ड्रायव्हरला समोरचे आणि बाजूचे बरेच मीटर दिसतच नाही. मोटारसायकल किंवा जीप त्याच्या मागे-पुढे लावू नका. लहान गाडीवर उंच झेंडा आणि दिवा हवा.
- डम्परच्या किंवा पोकलेनच्या सावलीत जेवायला बसू नका, झोपू तर नकाच. दुपारच्या उन्हात असे अपघात झाले आहेत.
- मागे घेतानाचा भोंगा, ब्रेक किंवा हेडलाईट बंद असेल तर गाडी घेऊ नका. वहीत लिहून द्या आणि फोटो ठेवा.

वीज, पट्टा आणि आग

कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते. ती ओढली की पट्टा थांबतो. ती तुटलेली असेल तर पट्टा चालू ठेवायचा नाही. पट्टा चालू असताना खालचा कोळसा फावड्याने काढायचा नाही. बाही, गमछा किंवा फावड्याचा दांडा रोलरमध्ये गेला की हातही जातो.

दुरुस्तीच्या वेळी आधी वीज तोडायची, स्विचला कुलूप लावायचे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात. नुसते 'बंद केलंय रे' असे ओरडून सांगणे चालत नाही. पाळी बदलते, नवा माणूस येतो आणि बटण दाबतो.

कोळसा स्वतःहून तापतो आणि पेटतो. ओल्या गंजीत हात घातला की जसा चटका बसतो, तसेच. साठ्यातून वाफ किंवा रॉकेलसारखा वास आला, भिंतीवर घाम आला, तर कळवा. भूमिगत खाणीत असा भाग पक्क्या भिंती घालून बंद करतात. त्या भिंतीला भोक पाडणे किंवा तिची पट्टी काढणे म्हणजे आगीला हवा देणे.

बारूद

ब्लास्टिंगच्या ठिकाणापासून ५०० मीटरचा घेर धोक्याचा मानला जातो. तेवढ्यातली माणसे हटवून किंवा आडोशाला नेऊन, वाटांवर पहारेकरी उभे करून, भोंगा वाजवूनच बारूद उडवायची असते. काही छिद्रांतील बारूद न उडता तशीच राहते. तार, रंगीत नळी किंवा नळकांडे सापडले तर उचलू नका, घरी आणू नका, लेकरांच्या हाती पडू देऊ नका. जागेवर खूण करून शॉटफायररला बोलवा.

धूळ आणि तपासणी

धुळीचा अपघात एका दिवसात होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी दम लागायला लागतो, तेव्हा माणूस विडी-तंबाखूला दोष देतो. कोळशाच्या धुळीने आणि दगडातील सिलिकाने फुप्फुस कडक होते. ते परत नीट होत नाही. त्याला सरकारने व्यवसायजन्य रोग मानले आहे. म्हणून ड्रिल करताना पाणी, रस्त्यावर टँकर, तोंडावर चांगला मास्क. नुसता रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

कामावर घेताना एकदा आणि नंतर निदान पाच वर्षांतून एकदा छातीचा एक्स-रे, कान, डोळे यांची तपासणी झाली पाहिजे. हा नियम कंत्राटी कामगारालाही लागू आहे. तपासणीचा कागद मागून घ्या. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर तोच कामी येतो.

पाळी बदलताना

वर सांगितलेल्या सगळ्या यंत्रणा एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत. एका पाळीने पाहिलेले दुसऱ्या पाळीला कळले पाहिजे. दुपारी कुणाला बेंचवर भेग दिसली, त्याने 'उद्या सांगू' म्हटले आणि रात्रपाळीचा डम्पर त्याच भेगेवर उभा राहिला, तर नियमांचे पुस्तक काही कामाचे नाही.

म्हणून सरदाराने आणि ओव्हरमनने वहीत लिहायचे असते. कुठे गॅस तपासला, किती निघाला, कुठला आधार तुटला, कुठला पंप बंद, कुठे बारूद उडायची राहिली. येणाऱ्या पाळीच्या माणसाने ते वाचून सही करायची आणि मगच माणसे कामाला लावायची. आधीच भरून ठेवलेली वही, रोज तेच शब्द, रोज 'सर्व ठीक' अशी नोंद दिसली, तर ती खाण धोक्यात आहे. कामगाराने सुरुवातीला दोन प्रश्न विचारायची सवय ठेवावी : 'मागच्या पाळीत काय झालं? आज कुठे जायचं नाही?' सरदाराला याचा राग यायचे कारण नाही. चांगला सरदार स्वतःच सांगतो.

शंभरावर कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असते आणि मोठ्या खाणीत कामगारांच्या बाजूने पाहणी करणारा कामगार निरीक्षकही असतो. कंत्राटी कामगारांनी आपली तक्रार त्यांच्याकडे लेखी द्यावी. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

कंत्राटी कामगाराचे कागद

सगळ्यात जास्त गळती इथेच आहे. ओळखीच्या माणसाने 'चल, उद्यापासून ये' म्हटले आणि पोरगा दुसऱ्याच दिवशी खाणीत उतरला, असे करू नका. आत पाय ठेवण्याआधी हे पाच कागद बघा.

१. व्हीटी, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्रातील शिकवणीचे प्रमाणपत्र. १९६६ च्या नियमांनुसार प्रशिक्षणाशिवाय कामाला लावता येत नाही. नुसती सही करून घेतली आणि शिकवले नाही, तर नुकसान तुमचे आहे.
२. वैद्यकीय तपासणीचा कागद.
३. फॉर्म बी, म्हणजे कामगारांच्या नोंदवहीत नाव. ठेकेदाराच्या डायरीत नाव असणे वेगळे आणि या वहीत असणे वेगळे.
४. रोजची हजेरी स्वतःच्या नावाने. दुसऱ्याच्या कार्डावर आत जाऊ नका. उद्या काही झाले तर तुम्ही आत होता हेच कुणाला माहीत नसेल. शोधायला कुणी येणार नाही आणि घरच्यांना भरपाईसाठी पुरावाही राहणार नाही.
५. पगाराची चिठ्ठी आणि सीएमपीएफ म्हणजे कोळसा खाण भविष्य निधीचा क्रमांक.

वय १८ पुरे नसेल तर खाणीत काम करता येत नाही. भूमिगत कामाचे तास दिवसाला ८ च्या वर नाहीत. जादा काम झाले तर दर दुप्पट. एकाच दिवशी दोन पाळ्या मारून डम्पर चालवणाऱ्याला पहाटे डुलकी लागते. त्या डुलकीचा पगार कुणी देत नाही.

अपघात झाला तर

आधी स्वतः सुरक्षित व्हा, मग निरोप द्या, मग मदत करा. गॅस असलेल्या जागेत उपकरणाशिवाय वाचवायला जाऊ नका. प्रशिक्षित बचाव पथक असते आणि वेकोलिचे बचाव केंद्र नागपूरला आहे. गंभीर अपघाताची खबर डीजीएमएसला लगेच द्यावी लागते. माणसे वाचवणे आणि पुढचा धोका टाळणे, एवढे सोडून अपघाताची जागा हलवायची नसते. जखमीला दवाखान्यात नेताना 'रस्त्यावर पडला' असे लिहून घेऊ देऊ नका. खाणीत, कुठे, किती वाजता, हे केसपेपरवर आलेच पाहिजे.

गावकऱ्यांसाठी

खाणीची सुरक्षा गेटपाशी संपत नाही.

ब्लास्टिंगच्या हादऱ्यांना मर्यादा आहे. डीजीएमएसच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार गावातील साध्या घरांपाशी कंपनाचा वेग सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये. नेमका आकडा कंपनाच्या वारंवारतेवर ठरतो. घराला तडे जात असतील तर नुसते मोर्चे काढून भागत नाही. महिनाभर तारीख, वेळ आणि तड्याचा पट्टी ठेवून काढलेला फोटो अशी वही ठेवा. गावात यंत्र लावून मोजणी करा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह मॅनेजरकडे आणि डीजीएमएसच्या नागपूर कार्यालयाकडे करा.

जुन्या भूमिगत खाणीवरची जमीन कित्येक वर्षांनीही खचते. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातले लोक हादरा जाणवताच बाहेर पडले म्हणून वाचले. त्यानंतर आसपासची कुटुंबे हलवावी लागली. अंगणात गोल भेग पडली, विहिरीचे पाणी एकाएकी उतरले, दारे अडकू लागली, तर घर सोडा आणि तलाठी, तहसीलदार व खाण कार्यालयाला कळवा.

बंद पडलेल्या खुल्या खाणीत साठलेले निळे पाणी तळ्यासारखे दिसते, पण त्याला काठ नसतो. पहिल्याच पावलाला खोल. जनावरे पाण्यावर नेऊ नका आणि लेकरांना पोहायला सोडू नका. कोळसा वेचायला ढिगाऱ्याखाली किंवा जुन्या बोगद्यात जाऊ नका. पाटीभर कोळशापायी जीव जातो.

घरच्यांनी विचारायच्या चार गोष्टी

संध्याकाळी पोरगा घरी आला की त्याला जेवण वाढताना एवढे विचारा. आज कुठल्या खाणीत, कुठल्या कामावर होतास? हजेरी तुझ्याच नावाने लागली का? पाणी, आग किंवा दरड आली तर पळायची वाट तुला माहीत आहे का? मागच्या पाळीने काय सांगितले?

चारपैकी एकाचेही उत्तर 'माहीत नाही' असे आले, तर दुसऱ्या दिवशी कामाला लागण्याआधी त्याने ते सरदाराला विचारून घ्यावे.